गारठलेल्या पानांवरचं ऊन

२१ डिसेंबर

सगळं पेरून टाकलं. सगळं म्हणजे सगळं!

मी दोन दिवस मीटिंगला पुण्याला गेले होते. आज केंद्रावर येऊन बघते तर फ्रीजमधली बियाण्याची बरणी धुऊन पालथी घातलेली, आणि कोपऱ्यातल्या वाफ्यावर नवी कोरी पाटी – 'दुधमणी'. अर्धं बी राखून ठेवायचं हे मी विश्वेश सरांना तोंडी सांगितलं होतं, मेल केला होता, बरणीवर चिठ्ठी चिकटवली होती. चिठ्ठीसकट धुतली बरणी!

सर आमच्या भात संशोधन केंद्राचे प्रमुख. भातावर डॉक्टरेट. केबिनमध्ये गेले तर खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "स्नेहल मॅडम, बरणीत ठेवून बी वाढतं का कधी?" फेब्रुवारीत मुंबईहून मोठे पाहुणे येणार आहेत. त्यांना हिरवंगार काहीतरी दाखवायचंय – 'नामशेष होणारा वाण आम्ही वाचवला' म्हणून. त्यासाठी भर डिसेंबरात घोटीच्या थंडीत भात! मी म्हटलं, सर, जानेवारीत इथे पहाटे पारा कुठे जातो माहितेय ना? तर म्हणे, "पण ऊन आहे ना भरपूर? आकाश कसं निरभ्र. भाताला आणखी काय लागतं?"

भातावर डॉक्टरेट! बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं आणि एसटी पकडून घरी आले.

२२ डिसेंबर

राग उतरलेला नाही. म्हणून लिहून काढते.

ते बी पुंजाबाबांचं. केंद्राला लागूनच त्यांचं गाव. त्यांच्या एका खाचरात दुधमणी व्हायची, पणजोबांच्या वेळेपासून. ठेंगणं रोप, दाणा दुधाळ, शिजताना वास शेजारच्या घरापर्यंत. बाकीच्या गावाने केव्हाच सुधारित वाण लावले, बाबांनी नाही लावले. मग त्या खाचरातून रस्ता गेला. मोबदला मिळाला, मुलाने स्लॅबचं घर बांधलं, सगळे खूश. बाबा एक दिवस पिशवीतून डबा घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवला. "खाचरच नाय तं बी घरात ठिवून काय करू? तुमी सांबाळा."

त्यानंतर माझं सगळीकडे विचारून झालं. आजूबाजूची गावं, इतर केंद्रं, बियाणे बँका. दुधमणी कुणाकडेच नाही. होती तेवढी त्या डब्यात, मग माझ्या बरणीत होती. आता वाफ्यात आहे, आणि वर उघडं आभाळ.

मला म्हणाले होते 'तुमी सांबाळा'. सरांना नाही म्हणाले.

२५ डिसेंबर

सुट्टी. सकाळी गच्चीवर आई वहिनीच्या बाळाला तेल लावून उन्हात घेऊन बसली होती. बाळ मजेत. आई म्हणाली, "हिवाळ्यातलं कोवळं ऊन म्हणजे औषध. तुझ्या त्या रोपांना पण बरंच की."

आई, तू सुद्धा!

मी इतकी वैतागले की किशोरदादा पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "अगं, नीट सांग तरी. थंडी आहे, ऊन पडलं, पान शेकलं – बिघडलं कुठे?" दादा लासलगावला कांद्याचा व्यापार करतो. म्हणून त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं. समज, बाजार समितीत लिलाव बंद आहेत. पण ते गावोगावी कळलेलंच नाही. ट्रॅक्टर येतच आहेत, कांदा भरभरून. आत जागा नाही, बाहेर रांग, मागून आणखी ट्रॅक्टर. काय होईल?

"काय होईल? कांदा सडेल, हाणामाऱ्या होतील, गेट मोडतील."

तेच पानाचं होतं. रात्रभर गारठलेलं पान. अन्न तयार करण्याचं त्याचं आतलं काम थंडीने जवळजवळ थांबलेलं – म्हणजे लिलाव बंद. पण ऊन पकडायचं काम थंडीने थांबत नाही. सूर्य उगवला की ट्रॅक्टर सुरू! ती ऊर्जा जाणार कुठे? ती पानातली यंत्रणाच मोडायला लागते. दुरुस्ती करायची तर त्यालाही ऊब लागते, आणि ऊब अकरा वाजेपर्यंत नाही. रोज सकाळी मोड, दुपारी थोडी डागडुजी, दुसऱ्या सकाळी पुन्हा मोड. शेवटी पान पिवळं, मग पांढरं. नुसती थंडी असती तर रोप तग धरतं. नुसतं कडक ऊन असतं तरी धरतं. दोन्ही एकदम नको.

दादा म्हणाला, "मग लिलाव सुरू होईपर्यंत ट्रॅक्टर रोखायचे."

बरोबर! कांद्याच्या व्यापाऱ्याला पाच मिनिटांत कळलं. आणि आमचे साहेब!

२८ डिसेंबर

जाळी घातली. द्राक्षवाले, भाजीवाले लावतात तीच हिरवी शेडनेट. रात्री वर टाकायला प्लॅस्टिकही मागितलं होतं. ती मागणी 'विचाराधीन' आहे. उन्हाळ्यापर्यंत विचार पूर्ण होईल.

लंकाबाईने बांबू ठोकून दिले. केंद्रावर रोजाने येते, हाताला चटपटीत. तिला बजावून सांगितलं, रोज अकरा वाजले की जाळी काढायची, संध्याकाळी परत घालायची, आणि अकराच्या आत हात लावायचा नाही. "बरं ताई," म्हणाली. तिला एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

चहाच्या खोलीत मात्र माझी टिंगल सुरू. भाताला सावली! "मॅडम आता भाताला गॉगल घेणार," असं सर म्हणाले म्हणे. सगळे हसले म्हणे. मी आत शिरले तर सगळ्यांनी एकदम बिस्किटं खायला घेतली. मग मीही उभ्या उभ्या सगळ्यांना ऐकवलं – लिलाव, ट्रॅक्टर, सगळं. कुणी हूं की चूं केलं नाही. पटलं म्हणून नाही, माझा आवाज चढला होता म्हणून.

१ जानेवारी

उगवली. बारीक, पोपटी, सुईसारखी. बराच वेळ नुसती बघत बसले.

५ जानेवारी

पुंजाबाबा रोपं बघायला आले. वाफ्याच्या कडेला उकिडवे बसले आणि एका पानाला बोटाच्या टोकाने हात लावला. "वळाखली का मला," असं काहीतरी पुटपुटले. मग मला सांगायला लागले, त्यांची आई या तांदळाची पेज करायची, बाळंतिणीला वगैरे. मी चहा मागवला, खुर्ची दिली. तेवढ्यात प्लॅस्टिकच्या मागणीबद्दल फोन आला – अमुक नमुन्यात अर्ज नाही म्हणून! अर्धा तास भांडले. परत आले तोवर बाबा निघून गेले होते.

फोन आदळला त्याची काच तडकली. तोही भुर्दंड सरांच्याच नावावर.

११ जानेवारी

पेपरात पहिल्या पानावर 'निफाड गारठले', खाली शेकोटीचा फोटो. आतल्या पानावर लेख – 'गुलाबी थंडीचा आस्वाद'. आस्वाद! द्राक्षबागांत लोक रात्र रात्र धूर करत बसलेत, मणी तडकतायत, आणि यांना हुरडा सुचतोय.

आज पहिल्यांदा पानं मोजली. पान अर्धा तास अंधारात ठेवायचं, मग चिमट्यात धरून प्रकाशाचा झोत सोडायचा. त्यातला थोडा पान परत टाकतं, त्यावरून आकडा येतो. निरोगी पानाचा शून्य पूर्णांक आठच्या आसपास. पान जेवढं दुखावलेलं तेवढा आकडा खाली.

शेजारच्या वाफ्यात तुलनेसाठी लावलेलं नेहमीचं भात आहे, उघडं, बिनजाळीचं. त्याचा आकडा पार खाली. हे अपेक्षितच.

दुधमणीचा आकडाही तेवढाच खाली!

चिमटा पुसला. बॅटरी बदलली. दुसरी पानं घेतली, तिसरी घेतली. तेच. जाळीखालच्या रोपांचे आकडे असे येतायत, जणू वर जाळीच नाही. असं होऊच शकत नाही.

१२ जानेवारी

पुन्हा मोजलं. तेच.

१३ जानेवारी

सरांना कुणीतरी आकडे दाखवले. स्वतः वाफ्यापर्यंत चालत आले, जे वर्षातून दोनदा होतं. "काय मॅडम, जाळी आणि बिनजाळी सारखंच की! म्हणजे उन्हाचा काही संबंध नाही. पिवळी पडलीत कारण नत्र कमी आहे. युरिया द्या."

युरिया! ज्याला घोटभर पाणी जात नाही त्याला श्रीखंड-पुरी वाढा! मी म्हटलं, सर, मी युरिया देणार नाही, लेखी आदेश काढा. काढला नाही. लेखी काही करायचं म्हटलं की त्यांची बोटं दुखतात.

पण खरं सांगायचं तर आज त्यांना उत्तर देताना माझ्या पायाखाली काही नव्हतं. आठ वर्षं मी हेच सांगत आले – गारठलेल्या पानाला सकाळचं ऊन दाखवू नका, ते वाचतं. जाळीखालची पानं का मरतायत? मी चुकत असेन तर माझं आठ वर्षांचं काम चुकीचं. ते एक वेळ जाऊ दे. पण मी चुकत असेन तर दुधमणी कशाने वाचवायची हे मला माहीत नाही.

१४ जानेवारी

सरांनी तिळगूळ दिला. घेतला. बोलले नाही.

१७ जानेवारी

नवीन पानं येतायत ती आडव्या पांढऱ्या पट्ट्यांची. शेंडे गुंडाळलेले. थंडी हटायला तयार नाही, आकाशात ढगाचा ठिपका नाही. लोक म्हणतात काय सुंदर हवा. मला आभाळाकडे बघून शिव्या येतात.

२० जानेवारी

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

सर सकाळी आठलाच केंद्रावर आले होते, पाहुण्यांना द्यायच्या पुस्तिकेसाठी फोटो काढायला माणूस घेऊन. मी पोचले तेव्हा साडेनऊ वाजले असतील. गेटपासूनच त्यांचा आवाज ऐकू येत होता. वाफ्याजवळ लंकाबाई मान खाली घालून उभी. जाळी काढलेली, बांधावर ठेवलेली. रोपांवर टळटळीत ऊन.

"बघा तुमचा प्रयोग!" सर मला म्हणाले. "मी आलो तेव्हा जाळी ही अशीच. ही बाई रोज काढून ठेवत असणार, तुम्ही यायच्या आत परत घालत असणार. ए बाई, बोल की! कुणी काढली?"

ए बाई! लंकाबाई त्यांच्याहून दहा वर्षांनी तरी मोठी असेल.

एक क्षण – हे लिहायलाच हवं – मला हायसं वाटलं. म्हणजे मी चुकले नव्हते! जाळी नव्हतीच, म्हणून आकडा खाली! आणि दुसऱ्या क्षणी डोक्यात अशी तिडीक गेली की लंकाबाईच्या दंडाला धरून मी विचारलं, "का? इतकं सांगितलं होतं, का?"

"चुकलं ताई," एवढंच म्हणाली.

सर म्हणाले, उद्यापासून हिला बंद. तेव्हा मी भानावर आले. म्हटलं, असं बंद करता येणार नाही. तुम्ही हिला जाळी काढताना पाहिलंत का? नाही ना? मग रीतसर चौकशी लावा. कुणी काढली, कधीपासून, का काढली, सगळं लेखी येऊ दे, मग ज्याचा दोष त्याला शिक्षा करा. तिथल्या तिथे उभं राहून मी मुख्यालयाला मेल केला. दोषी व्यक्तीचं नाव निश्चित करावं, असं ठळक अक्षरात लिहिलं. सरांचा चेहरा पडला. त्यांना चौकशी नको होती, नुसती एक बाई काढायची होती.

दिवसभर जाळी घट्ट बांधून ठेवली. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. बांधावर ती जाळी होती ती नीट घडी घातलेली. टोकाला टोक जुळवून, लुगड्याची घालतात तशी. लंकाबाई जाळी काढते ती चोळामोळा करून टाकते, रोज बघते मी.

२२ जानेवारी

पहिल्या एसटीने गेले. केंद्राच्या गेटवर पोचले तेव्हा सूर्य नुकता डोंगरावर आला होता. तोंडातून वाफ निघत होती.

पुंजाबाबा वाफ्याच्या बांधावर बसले होते. डोक्याला मफलर, अंगात मुलाचं जुनं जर्किन, हातात काठी. मी बांधलेल्या गाठी सोडून, जाळीची घडी घालून शेजारी ठेवलेली. रोपांवर लख्ख ऊन. एक चिमणी खाली उतरायला लागली तशी त्यांनी काठी हलवून हुर्रर्र केलं.

मी धावतच गेले.

"ताई! तुमी आज येवढ्या येरवाळी?"

"बाबा, जाळी…"

"घालतो ना. रोज घालतो बराबर, तुमी यायच्या आत. परवा ते सायेब आले तवा मी हिरीवर पानी प्यायला गेल्तो, तं राहिली." मला शांत करायला म्हणून हळू आवाजात सांगायला लागले. "पाखरांसाठी जाळी, ठावं हाय मला. पन मी हाय तवर कशाला? एक चिमनी फिरकू देत नाय. रातभर गारठत्यात वं बिचारी. म्हटलं निदान ऊन तं घेऊ द्या." मग रोपांकडे बघून म्हणाले, "पिवळी पडाया लागली तसा मी आनखी लवकर यायला लागलो. आज तं अंधारातच आलो, की पयलं ऊन बी चुकाया नको."

माझं तोंड उघडलेलं होतं. सगळं तयार होतं तोंडात.

सरांना सांगितलं मी. दादाला सांगितलं. चहाच्या खोलीत ओरडून सांगितलं. पुण्याला स्लाइड दाखवून सांगितलं. ज्याचं बी, त्याला नाही सांगितलं! त्यांना चहा दिला, खुर्ची दिली आणि फोनवर भांडायला निघून गेले. आणि भाताच्या वाफ्यावर जाळी दिसली तर ती पाखरांसाठी, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. दुसरं काय वाटणार त्यांना?

मला कुणावर ओरडावं कळेना. ओरडायला तर हवं होतं. शेवटी मी जाळी उचलली आणि वाफ्यावर घालायला लागले. बाबा लगेच दुसऱ्या टोकाला येऊन ओढू लागले. "आज लवकरच घालायची व्हय?" म्हणाले. मी म्हटलं, "हो. आता रोज सकाळी मीच बसेन बाबा. तुम्ही थंडीत येऊ नका." तर म्हणाले, "मला काय थंडी?" हात मात्र बर्फासारखे गार होते त्यांचे.

२३ जानेवारी

लंकाबाईला पंपाच्या खोलीमागे गाठलं. म्हटलं, तुला माहीत होतं. मला का नाही सांगितलंस? निदान त्यांना तरी अडवायचंस!

पदर डोक्यावर ओढून म्हणाली, "म्हातारा माझा चुलत सासरा लागतो ताई. त्याच्याम्होरं आजवर तोंड वर केलं नाय मी. त्याचंच बी, त्यो घेतो जाळी काढून, मी सुनंनं कसं म्हनावं नका काढू म्हनून?"

मग थोड्या वेळाने, "आन् ताई, मला काढलं तर काढू द्या. मी द्राक्षाच्या बागांना जाईन कामाला. म्हाताऱ्याला नका सांगू. आधी खाचर गेलं. आता हे आपल्याच हातानं केलं म्हनून कळलं तं त्यो नाय ऱ्हायचा."

मी तिच्यावरही ओरडले. म्हटलं, मोठी आलीस, तू का म्हणून जाणार? तुझा काय संबंध? कोपऱ्यात जाऊन रडले मग.

२६ जानेवारी

झेंडावंदन. सरांनी भाषणात 'वाणांचं संवर्धन' म्हटलं. मी टाळी वाजवली नाही.

वाफ्यावर रोज पहाटे जाते. कोमट पाणी सोडते, जाळी घालते, काढते. आकडा तसूभरही वर येत नाही. मोडलेलं दुरुस्त करायलाही रोपात काहीतरी शिल्लक लागतं.

२९ जानेवारी

मुळं सडली. रोपं हाताने उचलली की अलगद वर येतात. एक एक करून सगळा वाफा बघितला, कडेची सुद्धा. एकही लावणीजोगं नाही. दुधमणी संपली.

मी लिहिलंय हे वाक्य आणि मलाच त्याचा राग येतोय. इतक्या छोट्या वाक्यात बसायला नको होतं ते.

३० जानेवारी

उद्या चौकशी. मुख्यालयातून दोघं येणार. माझ्याच मेलवरून! 'दोषी व्यक्तीचं नाव निश्चित करावं.' अगदी ठळक अक्षरात! किती अक्कल पाजळते मी.

सरांचं नाव सांगणार आहेच. सगळं बी पेरलं, भर थंडीत पेरलं, हे त्यांचं. पण त्यांच्याकडे त्याचं उत्तर तयार आहे: "सगळ्या रोपांना जाळी होती की. जाळी राहिली असती तर वाचली असती, मॅडमच म्हणतात." आणि ते खरं आहे. माझंच संशोधन त्यांच्या बाजूने उभं राहतं! पाहुणे बघायला येतील तेव्हा रिकामा वाफा का, याला त्यांना एक नाव हवंय. लंकाबाईचं ते आयतं तयार आहे. ते काढायचं तर तिथे दुसरं नाव घालावं लागेल, आणि खरं नाव घातलं की अहवालाची प्रत गावात जायला एक दिवस पुरतो.

बाबांनी ते वाचलं नाही तरी कुणीतरी वाचून दाखवेलच. लोकांना भारी हौस असते.

३१ जानेवारी

माझं नाव दिलं. सरांचं घेतलं नाही, घेतलं असतं तर त्यांनी जाळीचं खरं-खोटं उकरून काढलं असतं.

सांगितलं, जाळी मी काढून ठेवत होते. सकाळच्या उन्हाचा परिणाम दुधमणीवर किती होतो ते बघायला. कुणाला न विचारता. लंकाबाईला मीच गप्प राहायला सांगितलं होतं. आकडे सगळे दाखवले, ते खरेच आहेत. गारठलेल्या पानावर ऊन पडलं की काय होतं हे त्यांत इतकं स्वच्छ दिसतं की इतका चांगला पुरावा मला आठ वर्षांत मिळाला नव्हता. त्या दोघांपैकी एकजण तर आकडे बघून "वा" म्हणाला. मग त्याने कागद खाली ठेवला, कारण कशाचे आकडे आहेत ते त्याच्या लक्षात आलं.

सर माझ्याकडे टक लावून बघत होते. त्यांचा विश्वास बसला नाही. ज्या बाईने बरणीच्या चिठ्ठीवरून महिनाभर डूख धरला, ती शेवटचं बी प्रयोगात मारेल? त्यांना माहीत होतं मी खोटं बोलतेय. पण विचारलं नाही. विचारलं असतं तर बी कुणी पेरलं इथवर गोष्ट मागे गेली असती. आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं, आणि ते असं. मला त्याची किळस आली.

माझा करार मार्चअखेर संपतो. पुढे वाढणार नाही हे कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. निघताना बाहेर लंकाबाई भेटली. माझी पिशवी घेऊन एसटी स्टँडपर्यंत चालत आली. मीही तिला नको म्हटलं नाही.

घरी दादाला सगळं सांगितलं. तो भडकला, "बावळट आहेस का? चूक त्यांची, नोकरी तुझी?" मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. खरंच बरोबर आहे. मलाही तसंच वाटतं. अजूनही पेटून उठते मी, सकाळी उठल्या उठल्या. पण कुणाला धरून विचारू?

३ फेब्रुवारी

पुंजाबाबा आले होते. रिकाम्या वाफ्यापाशी बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "ताई, ऊन कमी पडलं का वं?"

मी हो म्हटलं.